घट्ट रस्सा

चमचा तिरका केला तरी रस्सा सांडला नाही. काठाशी येऊन थबकला, जरासा लोंबला आणि तिथेच राहिला — म्हणजे जमला. रोहिणीबाईंनी हळूच आजूबाजूला पाहिलं. समोर सविता द्राक्षाच्या मांडवाचे फोटो काढण्यात गुंग होती, शेजारी कुसाबाई पापड मोडत होत्या. रोहिणीबाईंच्या मांडीवर पदराखाली स्टीलची डबी आहे, तिच्यातली चमचाभर पांढरी पूड आत्ताच रस्सा घट्ट करून बसली आहे, याचा दोघींनाही पत्ता नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी रोहिणीबाईंच्या मेंदूत कुठेशी बारीक गुठळी अडकली. हात सुधारला, चाल सुधारली, घसा तेवढा रुसून बसला. पाणी, चहा, ताक — पातळ म्हणून जे जे, ते नेमकं श्वासाच्या वाटेला जायचं. म्हणून पातळात पूड घालायची, हनुवटी छातीला टेकवायची, एका घासाला दोनदा गिळायचं, तोंडात घास असताना बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही... दवाखान्यातल्या थेरपिस्ट मुलीने हे सगळं पाठ करून घेतलं होतं. तीस वर्षं शाळेत खिचडीच्या पंगतीत आपण पोरांवर हेच तर ओरडत होतो, जेवताना बोलू नका म्हणून! केलेलं असं फेडावं लागतं.

आणि सिन्नरचं ते भाचीचं लग्न... मठ्ठ्याचा एक घोट, एकच, आणि ठसका असा लागला की अख्खी पंगत हातातला घास हातात धरून बघत राहिली. कोणी पाठीत बुक्क्या मारतंय, कोणी साखर आणतंय, आणि नंतर सगळ्यांचे ते डोळे — बिच्चारी म्हणणारे. ठसका परवडला, ते डोळे नको. तेव्हापासून कुठे पित्त, कुठे उपास. बहाण्यांना तोटा नव्हता. पण शाळेत बरोबर नोकरी केलेल्या या दोघी मैत्रिणींनी द्राक्षमळ्यातल्या रविवारच्या मिसळीचा हट्टच धरला, तेव्हा रोहिणीबाईंनी मनाशी ठरवलं — आज कुणाला न कळता नीट खाता आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा हॉटेलची पायरी चढायची नाही.

पाव आणि फरसाण आल्या आल्या कुसाबाईंच्या ताटात सरकवून झालं होतं. उरली चमच्याने चेचलेली मटकी आणि रस्सा. हनुवटी खाली. एक... दोन. गेलं. आणि मग मागाहून चव वर आली, भाजलेलं खोबरं, लवंग, काळा मसाला. कानाच्या पाळ्या तापल्या, नाकाला पाणी सुटलं — अगं बाई, मी मिसळ खातेय! आठ महिने मऊ भात गिळणारी मी, मळ्यात बसून मिसळ खातेय. त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्या पुन्हा वाटीत वाकल्या.

तेवढ्यात "रस्सा, रस्सा" करत वाढपी आला. नाशकात रस्सा मागावा लागत नाही, नको म्हणावं लागतं. आणि नको म्हणायचं तर तोंड रिकामं हवं. रोहिणीबाईंचा हात वाटीवर पोचेपर्यंत दोन पळ्या ओतून तो पुढच्या टेबलाशी गेलासुद्धा होता. वाटीत पुन्हा पाणीच पाणी. पुन्हा डबी, पुन्हा पूड, ढवळणं, थांबणं, मग एक चमचा तोंडात... झाकण लावायचं तेवढं राहिलं.

पण डबी उघडल्याचा तो 'टक' कुसाबाईंच्या कानाने टिपला होता. शाळेत शिपाई म्हणून अठ्ठावीस वर्षं काढलेल्या कुसाबाईंच्या कनवटीला कायम मिश्रीची डबी असे, आणि तिच्यावरून सगळ्यांत जास्त बोलणी त्यांनी याच रोहिणीबाईंची खाल्ली होती. त्या जवळ सरकल्या. चेहरा नुसता उजळला होता.

"बाई, तुम्ही पन? कदीपासून?" त्या कुजबुजल्या, आणि टेबलाखालून तळहात पुढे आला.

तोंडात घास. बोलायची सोय नाही. रोहिणीबाईंनी मुकाट्याने चिमूटभर पूड त्या हातावर ठेवली. कुसाबाईंनी मान वळवली आणि न बघताच सवयीच्या बोटाने ती हिरडीला चोळली. मग त्यांच्या भुवया वर चढू लागल्या.

"बाई, ही कंची वो मिश्री? ना कडू, ना तिखट... दातांना खळ दिल्यावानी झालंय."

पोटातून काहीतरी उसळून वर आलं. नको, आत्ता नको, घास आहे — पण ते ऐकेना. रोहिणीबाई हसत सुटल्या. टेबलावर डोकं टेकून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत.

सविता घाबरून उठली. "ताई, ठसका लागला का? पाणी घ्या, पाणी..."

"पाणी नको," त्यांनी पेला दूर सारला. "हसतेय गं मी. मला पाणी चालत नाही. आजारपणापासून गिळता येत नाही नीट, म्हणून ही पूड घालून खाते." आणि डबी उचलून त्यांनी सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली.

सविताने पेला उचलून आपल्याकडे ठेवला. कुसाबाई मात्र हिरडी पुसता पुसता फणकारल्या, "मंग आधी नाय सांगायचं? मी आपली समजले, बाई सुदारल्या."

पुन्हा हसू. आता तिघींचंही. ते ओसरता ओसरता रोहिणीबाईंच्या एकदम ध्यानात आलं... तोंडातला घास? जीभ गालाशी फिरवली, टाळूला लावली, काही नव्हतं. कधी गेला? हनुवटी टेकवली होती का, एक-दोन मोजलं होतं का... काही म्हणजे काही आठवेना. पुढचा घास कसा जाईल, देव जाणे. पण मघाशी, क्षणभर का होईना, आपल्याला घसा आहे हेच त्या विसरल्या होत्या.