अकरा भाकऱ्यांचा दगड

मित्रांनो, मी खारून नदीचा जुना, चपटा दगड आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे.

नदीने मला किती वर्षं घासलं ते आठवत नाही, पण घासलं मात्र मन लावून. कडा गोल, पोट सपाट, वजन हाताला बेताचं. शेखर नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने मला उचललं, आणखी पाच-सहा दगडांबरोबर खिशात कोंबलं आणि रायपूरला घराजवळच्या तलावावर आणलं. तिथे तो आणि त्याचा मित्र विकी पाण्यावर भाकऱ्या काढायचे. म्हणजे चपटा दगड तिरका फेकायचा आणि बुडण्याआधी तो किती उड्या मारतो ते मोजायचं.

माझी पाळी आली. शेखरने हात मागे नेला आणि तिथेच थांबला.

"काहून थांबला बे?" विकीने विचारलं.

"याले आज नाही फेकत. हा अकरा भाकऱ्या काढते, पाहजो तू. याले मॅचसाठी ठेवतो."

मी केवढा फुगलो! पण ती मॅच कधी झालीच नाही. मी काठावर पडून राहायचो आणि ऐरेगैरे दगड पाण्यावर नाचायचे. एकदा एका फुटक्या कौलाने सात उड्या मारल्या, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेखर मोठा झाला, रेल्वेत लागला, समता कॉलोनीत राहायला आला. मला शोकेसमध्ये जागा मिळाली, पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशांच्या शेजारी. त्या घरात चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवायची, अशी रीत होती. त्याची बायको सरला दर रविवारी मला फडक्याने पुसायची. शेखर येणाऱ्याजाणाऱ्याला काचेतूनच दाखवायचा, "हा अकरा भाकऱ्यांचा दगड!" लोक माना डोलवायचे. मित्रांनो, एकही उडी न मारता मी अकराचा मानकरी झालो होतो. अकरा निघाल्या नाहीत तर काय, ही भीती शेखरलाही असावी.

मग त्याची मुलगी पायल दहा वर्षांची झाली आणि बापलेक तलावावर जाऊ लागले. तलावाच्या काठाला आता फरशी बसवली आहे, तिथे दगड औषधालाही सापडत नाही. म्हणून पायल बांधकामावरून चपटे तुकडे वेचून न्यायची. घरी आली की सांगायची, "मम्मी, आज पाँच हुए!" मी काचेआडून ऐकायचो आणि जळायचो. ज्यांना नदीने कधी हातही लावला नाही, त्यांचं एवढं कौतुक!

एका रविवारी तिला तुकडे मिळाले नाहीत. तिने शोकेस उघडलं आणि मला उचललं.

तलावावर शेखर उकडलेल्या शेंगा घेत होता. पायलने हात मागे नेला. मला वाटलं, ही पण थांबते की काय! ती थांबली नाही. एक, दोन, तीन, आणि मी बुडालो. फक्त तीन! पण मित्रांनो, त्या तीन उड्यांपुढे शोकेसची वीस वर्षं काहीच नव्हती.

"कोणता दगड फेकला व?" शेखर धावत आला.

"शोकेसवाला, पप्पा. ग्यारह नहीं हुए."

त्याचा चेहरा पडला. तो रागावला नाही. चपला काढून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला. तळाशी माझ्या आजूबाजूचे दगड बघतच राहिले. त्यांना शोधायला कधी कोणी आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा दुसरे माझ्यावर जळत होते, आणि मला फार फार बरं वाटत होतं.

शेखरचा हात चिखल चाचपत आला. माझ्या पाठीवरून फिरला. पुढे गेला आणि शेजारचा दगड घेऊन वर आला.

"सापडला! सापडला व पोरी!"

वीस वर्षं त्याने मला काचेतून पाहिलं होतं. हाताला माझी ओळख कुठून असणार?

त्या मेल्याला पाणीही मिळालं आणि शोकेसही. मी इथे चिखलात बसून जळतो आहे. मित्रांनो, जी वस्तू तुम्हाला प्रिय आहे तिला अधूनमधून हातात घेत जा. आणि समता कॉलोनीत कधी गेलात, शेखरने कौतुकाने काचेकडे बोट दाखवलं, तर माझं एवढं काम करा. त्याला हळूच सांगा, तो मी नाही.