हिरवे विपील

नुसता सिनेमा आहे असं सांगितलं असतं तर अर्धं गाव फिरकलं नसतं. म्हणून गावप्रमुख तोमासने सिनेमा आणि मतदान एकाच रविवारी, बाजार उठल्यावर, सभागृहात ठेवलं. आधी बघा, मग हात वर करा. प्रश्न एकच होता : शाळेमागची जमीन हाडं शोधणाऱ्यांना खणू द्यायची की नाही.

तेक्लामावशी पहिल्या बाकावर माझ्या शेजारी होती. वय ऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शाळेमागे ती बेचाळीस वर्षं मेणबत्त्या लावत आली आहे, कारण तिची बहीण, म्हणजे माझी आई, तिथे पुरली आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"पडद्यावर काय चाललंय ते सांगत राहा," ती म्हणाली. "आणि रडायचं असेल तर हळू रड. मला ऐकू येत नाही मग."

माझं लक्ष मात्र पडद्यावरच्या बायकांच्या विपीलवर, अंगातल्या हातमागाच्या सदऱ्यांवर, होतं. ते बारा विपील माझ्याच मागावरचे.

दोन वर्षांपूर्वी ग्वाटेमाला शहरातून सिनेमावाली मंडळी आली होती. विहिरीवर बायकांना मारलं त्या साली तुमच्या बायका जसे विपील घालायच्या तसे विणून द्या, म्हणाली. मी हो म्हटलं. मागाचं एक टोक झाडाला बांधलं, पट्टा कमरेला अडकवला आणि लाल सूत हातात घेतलं. आमच्या गावाचा विपील लाल, छातीवर घोडे. चार बोटं विणून झाल्यावर हात थांबला. आईला त्या कापडातच मातीत टाकलं होतं. तेच कापड मी पुन्हा विणायचं, आणि कुणी नटी ते घालून चिखलात पडणार, मग उठून कॉफी पिणार. मी लाल उसवलं आणि खालच्या चिपाल गावचे विणले. हिरवे, पक्ष्यांचे. शहरातल्यांना काय कळतंय, असं वाटलं. शहरातल्यांना खरंच कळलं नाही.

गावाला पहिल्याच दृश्यात कळलं.

"अगं बाई, ह्या तर चिपालच्या," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसायला लागल्या. गोळ्या सुटायच्या आधीच सभागृहात खसखस पिकली. "चिपालच्या बायका आपल्या विहिरीवर काय करतायत?" "त्यांची आटली असेल."

दिवे लागले तेव्हा कुणी हसत नव्हतं, पण सभागृहाचे दोन भाग झाले होते. शाळामास्तर फेलिसियानो डोळे पुसत म्हणाला, "सैनिकांनी काय केलं ते आज सगळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलं?" बेर्नाबे गुरकावला. तो त्या काळी सैनिकांच्या हुकुमाने गस्त घालायचा. गावातले बहुतेक पुरुष घालायचे. "चिपालच्या बायका मेलेल्या पाहिल्या. ज्यांना कपडे धड माहीत नाहीत, ते आम्हाला सांगणार कुणी मारलं? डोंगरातल्या बंदूकवाल्यांनी मारलं. माझा बाप हेच सांगत मेला."

माना डोलल्या. सकाळी ज्यांनी मला खणायला हो म्हटलं होतं, त्यांच्याही. तेक्लामावशीने माझा हात घट्ट धरला. "कपड्यांचं काय म्हणतायत?" तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं होतं, फक्त रंग सांगितला नव्हता.

मी उभी राहिले. "विपील मी विणलेत. मुद्दाम चुकीचे विणले. आईचा माझ्याच्याने विणवला नाही. बाकी सिनेमात माझा हात नाही."

"म्हणजे तूही खोटंच विणलंस," बेर्नाबेची बायको म्हणाली. "मग खरं काय उरलं, ग्रासिया?"

तेव्हा हासिंतोकाका उठला.

हा माझा सख्खा काका नव्हे. त्या दिवशी मी मक्याच्या शेतात लपले होते, आठ वर्षांची. किनाऱ्यावरून ऊसतोडणी करून परतताना त्याला मी सापडले, असं तो सांगायचा. त्यानेच मला वाढवलं. त्याची बायको गेल्यापासून रोज सकाळी माझ्या चुलीशी जेवतो.

"पोरीला बोलू नका," तो म्हणाला. "आईचा तो विपील कोण विणेल? गळा अर्धाच भरलेला, निळ्या दोऱ्याची सुई तशीच लोंबत होती."

तो बसला. बोलला ते चांगल्या मनानेच.

जुना विपील वाळत घातला होता म्हणून आईने त्या सकाळी अर्धवट नवा घातला होता. सुई विपीलच्या गळ्यात तशीच खोचून पाण्याला गेली. ते मी पाहिलं होतं, आणि विहिरीवर जे होते त्यांनी.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तर किनाऱ्यावर होतात."

त्याने टोपी उचलली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. बेर्नाबे एकदम जमिनीकडे बघायला लागला. मागे एक बाळ रडत होतं, त्याला कुणी पाजलं नाही.

तोमासने घाईघाईने हात वर करायला सांगितलं. खणायला एकोणचाळीस, नको म्हणून चव्वेचाळीस. हासिंतोकाकाने कुठल्याच वेळी हात वर केला नाही. मावशीने दोन्ही वेळा केला, कारण तिला कुठला प्रश्न चालू आहे ते कळेना, आणि मी सांगायची विसरले.

सोमवारी सकाळी काका येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. नेहमीसारखा चुलीपाशी ओंडक्यावर बसला. मी काळ्या घेवड्याची वाटी पुढे ठेवली, त्यावर मक्याची भाकरी. बराच वेळ तो नुसता भाकरीचे तुकडे करत राहिला.

"पुन्हा मतदान घेतील?" त्याने विचारलं.

"घेतील. वर्षभराने."

"शाळेमागे नका खणू." तो वाटीकडेच बघत होता. "त्या तिथे नाहीत. वर, ओढ्यापलीकडे. फणीसारखा खडक आहे ना, त्याच्या खाली."

बाहेर तेक्लामावशी फाटकाशी उभी होती. आमच्यात मेलेल्यांना सोमवारी मेणबत्ती लावायची. तिच्या हातात चार होत्या, आणि शाळेपर्यंत मी तिला धरून न्यावं म्हणून ती हाका मारत होती. ओढ्यापर्यंतची चढण तिला आता जमणार नाही.

"आले, मावशी," मी म्हटलं.

तव्यावरची भाकरी उलटली, काकाच्या वाटीत ठेवली, आणि तिचा हात धरून शाळेच्या वाटेला लागले.