पंधरा आकडे

"आधी रीडर फिरवा," उत्तरा म्हणाली.

प्राण्यांच्या दवाखान्यातला मदतनीस धम्मपाल यानं सिरिंजचं पाकीट फाडायला घेतलं होतं. तो थांबला. "काकू, नवीन चिप टाकायचीये. जुनी कशाला शोधायची? साडेतीन वर्षं तुमच्याकडेच आहे ना ही?"

"तरी फिरवा. पद्धत तीच आहे."

"तुम्ही माझ्या साहेब असतात ना, तर मी कधीच नोकरी सोडून रिक्षा चालवायला घेतली असती." हसतच त्यानं ड्रॉवर उघडून रीडर काढला.

तिळू स्टीलच्या टेबलावर उभी होती. बीगल जातीची कुत्री, उतारवयाला लागलेली, कानावर काळा ठिपका. उत्तराचा एक हात तिच्या पोटाखाली होता.

उत्तरा बर्वे घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं तंत्रज्ञ होती. रक्ताच्या नळीला लेबल लावण्यापूर्वी ती नळी फिरवून पाहायची, आधीचं लेबल आहे का. एका नळीला दोन लेबलं लागली की दोन माणसांचे रिपोर्ट बिघडतात. एकतीस वर्षांत तिच्या हातून एकही नळी चुकली नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. ती निवृत्त झाली त्याच वर्षी आई गेली. मुलुंडच्या दोन खोल्यांत ती एकटी उरली. पुढच्या दिवाळीनंतर तिला नाहूरच्या पुलाखाली ही कुत्री सापडली. पायाला जखम, अंगावर गोचिडी, गळ्यात पट्टा नाही. तिनं फोटो आणि फोन नंबर छापून तीन ठिकाणी कागद लावले, महिनाभर वाट पाहिली. फोन आला नाही. मग तिनं तिचं नाव तिळू ठेवलं.

चिपची कल्पना तिची नव्हतीच. सोसायटीचे सेक्रेटरी देवदत्त यांनी फलकावर लावलं होतं, की चिप नसलेलं कुत्रं लिफ्टमध्ये चालणार नाही.

"उद्या कुत्र्यांचं आधार कार्ड मागाल," ती म्हणाली होती.

"बर्वेबाई, नियम तो नियम. तुम्हाला तरी वेगळं सांगायला नको."

हे मात्र खरं होतं.

धम्मपालनं रीडर मानेवरून फिरवला. काही नाही. तो बंद करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "खांद्यापर्यंत न्या. आत टाकलेली वस्तू सरकते."

डाव्या खांद्यावर रीडर वाजला.

दोघंही पडद्याकडे पाहत राहिले. पंधरा आकडे होते.

"आयला," धम्मपाल हळू म्हणाला. "काकू, आकडे वाचा जरा. मी टाकतो."

तिनं वाचले. त्यानं संगणकात घातले. तिनं ते पुन्हा एकदा वाचले आणि एकेक ताडून पाहिले. सातवा आकडा त्यानं चुकीचा घातला होता. तिनं तो दुरुस्त करून घेतला.

आतल्या खोलीतून डॉक्टर इरावती बाहेर आल्या, तोपर्यंत पडद्यावर नाव आलं होतं. यज्ञेश झवेरी, घाटकोपर पूर्व. खाली हिरव्या अक्षरांत ओळ होती, की मालकाला संदेश पाठवला आहे.

"तू शोध दाबलंस?" डॉक्टरांनी विचारलं.

"मॅडम, मला काय माहीत मेसेज आपोआप जातो."

डॉक्टर उत्तराजवळ येऊन बसल्या. "हे बघा, चिप वाईट नाही. मागच्या महिन्यात भांडुपच्या एका बाईंची मांजर अकरा महिन्यांनी घरी गेली, ती चिपमुळेच."

"वाईट कुठे म्हणतेय मी. तिला एकच गोष्ट येते, असं म्हणतेय."

चिप कशी असते ते उत्तराला ठाऊक होतं. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. बॅटरी नाही. रीडर जवळ आला की आकडे सांगते, एरवी गप्प. गेल्या वर्षी तिळूला फिट आली, तेव्हा लादीवर तिचं डोकं कुणी धरलं होतं, हे त्या काचेत कुठेही नव्हतं.

"आत्ता निघून गेले तर?" तिनं विचारलं.

"तुमचा पत्ता आमच्याकडे आहे. त्यांनी मागितला तर मला खोटं बोलता येणार नाही."

"मी तसं सांगणारही नाही," उत्तरा म्हणाली आणि बसून राहिली.

तासाभरात यज्ञेश आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्यानं दारातूनच शीळ घातली, दोन छोट्या आणि एक लांब. "कोको."

तिळूचे कान उभे राहिले. ती उत्तराच्या पायांपासून उठली, शेपटी हलवत त्याच्याकडे गेली, त्याचे बूट हुंगले. मग परत येऊन मध्येच उभी राहिली.

उत्तरानं ते नीट पाहिलं. पाहिलं नाही असं तिला म्हणता आलं असतं.

"ओळखते ती तुम्हाला," ती म्हणाली.

"ओळखणारच. माझीच आहे. फटाक्यांना घाबरून ड्रायव्हरच्या हातातून सुटली. पंधरा दिवस शोधत होतो आम्ही. आणि ही इथे, पाच स्टेशनांवर, तुमच्या सोफ्यावर."

"मी कागद लावले होते."

"कुठे? मुलुंडच्या भिंतींवर? मी घाटकोपरला राहतो, मॅडम. डॉक्टरकडे नेऊन एकदा मशीन लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी आली असती. साडेतीन वर्षं दुसऱ्याचं कुत्रं ठेवून घेतलंत. याला काय म्हणतात?"

"यज्ञेशभाई, जपून बोला," डॉक्टर म्हणाल्या.

"जपूनच बोलतोय. चोरी म्हटलं नाही अजून."

उत्तरानं पिशवी मांडीवर घेतली. तिळू सापडली तेव्हाच्या डॉक्टरांकडे रीडर नव्हता, हे खरं होतं. पण तिनं त्यांना विचारलंही नव्हतं. दुसऱ्याची नळी असती तर विचारलं असतं.

तिनं पिशवीतून फाईल काढली. "हे तिचे कागद. फिटची गोळी बारा बारा तासांनी, सकाळी आठ, रात्री आठ. एकही चुकवायची नाही. आणि मागच्या मार्चमध्ये गर्भाशय काढलंय."

"काय काढलंय?"

"पू झाला होता."

"कुणाला विचारून? पिल्लं घ्यायची होती आम्हाला. आईबाप दोन्ही परदेशातून आणलेल्या वंशाचे आहेत, कागद आहेत माझ्याकडे."

"ऑपरेशन केलं नसतं तर दोन दिवसांत मेली असती," डॉक्टर म्हणाल्या. "मीच केलंय."

"मग तुम्हीही यात आहात."

"तुमच्या कामाची उरली नसेल," उत्तरा म्हणाली, "तर माझ्या नावावर करून द्या. एका सहीचं काम आहे."

त्यानं किल्ली बोटाभोवती फिरवली. तिला वाटलं, विचार करतोय.

"नाव माझं आहे, कुत्रं माझं आहे. कामाचं आहे की नाही ते मी बघेन. केस करायची तर करा. तोपर्यंत ती माझ्याकडे राहील."

उत्तरानं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, "करता येईल. पण वेळ लागेल. आणि नोंद त्यांची आहे."

"किती वेळ?"

डॉक्टरांनी तिळूच्या पाठीवरून हात फिरवला. तिळू नऊ वर्षांची होती.

यज्ञेशनं तिच्या गळ्यातला पट्टा धरून ओढलं. दारापर्यंत ती गेली. बाहेर गाडीपाशी चारही पाय रोवून खाली बसली. तिळू साडेतीन वर्षांत गाडीत बसली नव्हती. उत्तरा तिला सगळीकडे चालत न्यायची.

"चल, कोको. चल ना यार." त्यानं कातडीला धरून उचलायला घेतलं. ती केकाटली.

"तसं नाही," उत्तरा म्हणाली. "मागून आधार द्यावा लागतो. कंबर दुखते तिची."

"मग तुम्हीच टाका आत."

धम्मपाल पुढे आला. "द्या काकू, मी ठेवतो."

"नको. हलते ती दुसऱ्यानं धरलं की."

तिनं एक हात छातीखाली घातला, दुसरा मागच्या पायांखाली, आणि तिळूला उचललं. तेरा किलो. तिळूनं मान तिच्या कोपरात घातली आणि अंग सैल सोडलं, टेबलावर ठेवताना सोडायची तसं. उत्तरानं तिला मागच्या सीटवर ठेवलं, फाईल शेजारी ठेवली. आधी मागचा हात काढला, मग पुढचा.

तिळू उठून उभी राहिली, उत्तरा आत येईल म्हणून सीटच्या एका बाजूला सरकली.

उत्तरानं वाकून पाहिलं, शेपटी आत आहे ना. होती. मग तिनं दार लावलं.