ठकीची वळकटी

“पुन्हा कर. आणि या वेळी खाट वाजू देऊ नकोस,” आई म्हणाली.

ठकी पुन्हा खाटेवर आडवी झाली, डोळे मिटले, उघडले आणि मांजरीसारखी खाली उतरली. चादरीची मधली बाजू आत घ्यायची, चारी कोपरे त्यावर आणायचे, कोरडा भाग बाहेर राहील अशी घडी घालायची. खालचं रबराचं कापड पुसून त्या घडीत सरकवायचं, सगळं पिशवीत कोंबायचं, मग दुसरी चादर अंथरायची. हे सगळं अंधारात जमायला हवं म्हणून आईने भर दुपारी पडदे ओढून घेतले होते. चादर खडखडीत कोरडी होती, पण तालीम म्हणजे तालीम.

“जमलं?” ठकीने विचारलं.

जमलं होतं. आईला मनातून जरा कौतुकही वाटलं, आणि आपल्याला कशाचं कौतुक वाटतंय हे लक्षात आल्यावर तिने पडदे सरकवून टाकले.

ठकी चौथीत होती आणि अजून रात्री अंथरूण ओलं करत होती. रोज नाही. पण कोणत्या रात्री होईल याचा नेम नव्हता. चर्चच्या मुलांचं उन्हाळी शिबिर आठवडाभर टेकडीवरच्या तळ्याकाठी असायचं, आणि तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली तिथे जाऊन आल्या होत्या. मागच्या वर्षी आईने ऐन वेळी ताप आल्याचं सांगून तिला घरी ठेवलं होतं. ताप कोणालाच नव्हता. ठकी तो आठवडा खिडकीत बसून होती. यंदा तिने शिबिरासाठीची बायबलमधली सगळी वचनं पाठ केली, संडेस्कूलला एकदाही दांडी मारली नाही आणि एके दिवशी आईसमोर उभी राहून म्हणाली, “यंदा मला ताप आणू नकोस.”

म्हणून ही तालीम.

आईचं दुखणं काय होतं ते सांगायला हवं. ती मोठ्या दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर लोकांची घाण हातात. पण त्या हातांनी धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा कपडा साऱ्या वस्तीत सापडणार नाही, असं लोक म्हणायचे. चर्चमधल्या वेदीवरची चादर तिच्याकडेच धुवायला यायची, गायकमंडळाचे झगेही. एकदा भर उपासनेत पाळकसाहेबांनी तिचा उल्लेख केला होता. त्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर बसू लागली. कुणी बसवलं नव्हतं, आपली आपणच. आणि अशा बाईच्या घरात पहाटे पहाटे चोरून चादर धुतली जात होती, बाहेरच्या दोरीवर न घालता न्हाणीघरात वाळवली जात होती.

रबराचं कापड आणायला ती मुद्दाम लांबच्या औषधाच्या दुकानात गेली. सासूबाईंसाठी हवंय, म्हणाली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानदार भला माणूस. त्याने आस्थेने चौकशी केली, तेव्हा हिने त्यांना आणखी थोडं आजारी पाडलं. ठकी शेजारी उभी राहून मेलेल्या आजीची तब्येत ऐकत होती.

ठकीचा बाप नळदुरुस्ती करायचा. त्याला या सगळ्याचं हसूच यायचं. “शिबिराच्या ताईंना सांगून मोकळी हो ना,” तो म्हणाला. “मी सातवीपर्यंत करत होतो. आमच्या आईने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. काय वाकडं झालं माझं?”

तिने आधी उठून खिडकी लावली. “गावभराचे गळके नळ दुरुस्त करता,” ती म्हणाली, “आणि स्वतःच्या घराण्यातलं गळणं पोरीला देऊन बसलात. ते वर मोठ्याने सांगू नका.”

 बायकोच्या अब्रूचा प्रश्न आला की तो हत्यारांची पेटी उघडून बसायचा.

रविवारच्या उपासनेनंतर शिबिराच्या ताईंनी पालकांना थांबवून घेतलं. ताई म्हणजे संडेस्कूलला शिकवणारी तरुण मुलगी, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोकळं. मुलांचं काही असेल तर आत्ताच सांगा, म्हणाल्या, म्हणजे आम्हाला सांभाळता येईल. कोणी सांगितलं, आमचा अंधाराला घाबरतो. कोणाला शेंगदाणे चालत नव्हते. एका मुलीला झोपेत चालायची सवय होती. तिची आई ते सांगताना स्वतःच हसली आणि बाकीचेही हसले. मग ताईंनी ठकीच्या आईकडे पाहिलं. ठकीनेही पाहिलं, मान वर करून.

“आमच्या ठकीचं काहीच नाही,” आई म्हणाली. “तिचा कसलाच त्रास नाही.”

दोघी घरी निघाल्या. ठकीने आईचा हात धरला. मग म्हणाली, “झोपेत चालणाऱ्या मुलीला ताई रागावल्या नाहीत.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“चालण्याने काही घाण होत नाही,” आई म्हणाली. शब्द तोंडातून निसटून गेले. ठकीने तिचा धरलेला हात सोडला नाही. आई रस्ताभर दुसरं काहीतरी बोलायला शोधत राहिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने सगळ्या सामानावर नाव घातलं. लाँड्रीत वापरतात ती न पुसणारी शाई होती. फ्रॉकच्या गळपट्टीवर, टॉवेलच्या काठावर, पायमोज्यांवरसुद्धा तिने ठकीचं नाव रेखलं. ठकी शाई वाळवायला फुंकर घालत होती. रबराचं कापड आणि दोन जास्तीच्या चादरी तेवढ्या बाजूला राहिल्या.

“यांच्यावर नाव राहिलं,” ठकी म्हणाली.

“यांच्यावर नको.”

ठकीने पुढे केलेली शाईची बाटली मागे घेतली आणि बूच लावलं. आईने त्या चादरी रबराच्या कापडाभोवती गुंडाळल्या आणि ते गाठोडं ब्लँकेटच्या वळकटीत अगदी आत सरकवलं. लाँड्रीत वॉर्डातून चादरींचा ढीग आला की ओली चादर इतरांत मिसळू नये म्हणून तिच्या एका कोपऱ्याला गाठ मारतात. दुहेरी, आतून फिरवून. इतकी वर्षं हेच काम केल्यावर बोटांना डोक्याची गरज लागत नाही. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, कोरड्या अशा वरच्या चादरीच्या कोपऱ्याला तिने तशी गाठ मारली आणि तिला ते कळलंही नाही.

सकाळी चर्चच्या अंगणात बस उभी होती. मुलं, आयाबाया, पिशव्या यांची ही गर्दी. लाँड्रीतली सगळ्यांत जुनी बाई, जिला सगळे थोरली म्हणत, तीही नातवाला सोडायला आली होती. ठकीच्या आईला ती गाठ मारायला शिकवणारी हीच. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. मग क्लीनर टपावर चढला आणि खालून एकेक वळकटी वर फेकली जाऊ लागली. बापाने बांधलेली दोरी घट्ट असेल असं आईने गृहीत धरलं होतं. नळाच्या माणसाला गाठ कुठे येते! चार-दोन वळकट्या एकदम वर गेल्या आणि त्यांतून काहीतरी निसटून धप्प करून अंगणाच्या मधोमध पडलं. पडता पडता उलगडलंही. चादरी एकीकडे आणि लालभडक रबराचं कापड दुसरीकडे.

मुलं हसली. कोणीतरी नाक दाबलं. ताईंनी ते उचललं, नाव शोधायला उलटसुलट करून पाहिलं. नाव नव्हतं.

“कोणाचं आहे हे?”

 आईच्या मानेला ऊन एकदम चटके देऊ लागलं. तेवढ्यात थोरली पुढे झाली, एका चादरीचा कोपरा हातात घेऊन म्हणाली, “ही तर आपल्या लाँड्रीतली गाठ.” आणि मागे वळून तिने ठकीच्या आईकडे पाहिलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ओळखीची गाठ दिसली म्हणून ती बोलून गेली.

आता सगळेच पाहत होते. पुढच्या बाकावरच्या बायका, पाळकबाई, झोपेत चालणाऱ्या मुलीची आई. एकच शब्द बोलायचा होता. तो तिच्या घशाशी आलाही होता.

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “आमची नाही.”

ताईंनी चादरी रबरासकट गुंडाळल्या आणि गाठोडं चर्चच्या पायरीवर नेऊन ठेवलं. राहिलं तर राहिलं, नंतर पाहू, म्हणाल्या. क्लीनर दोरी आवळू लागला. मुलं बसमध्ये चढायला लागली. आता ठकी त्या गाठोड्याशिवाय जाणार हे आईला समजत होतं. पहिल्याच रात्री काय होईल तेही समजत होतं. तरी तिचे पाय जागचे हलले नाहीत, आणि हे ती पुढे कधीच कोणाला सांगू शकली नाही.

ठकी रांगेतून बाहेर पडली. सरळ पायरीपाशी गेली, गाठोडं उचललं आणि ताईंसमोर येऊन उभी राहिली.

“ताई, हे माझं आहे,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “मी रात्री अंथरूण ओलं करते. रोज नाही.”

कोणीतरी फिसकन हसलं. ताईंनी तिकडे एकदाच पाहिलं. मग वाकून म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. तू माझ्या शेजारी झोप. मी रात्री उठवत जाईन तुला.” एवढंच. इतक्या दिवसांची तालीम, पडदे, आजारी सासूबाई, आणि उत्तर एवढंच होतं.

ठकी वळणार होती. पण तिने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा कसा झाला होता कोण जाणे; ठकी क्षणभर थांबली आणि पुन्हा ताईंकडे वळली.

“आईला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी तिला न सांगता घातलं आत. गाठपण मीच मारली. तिचं बघून येते मला.”

आणि बसमध्ये चढून गेली.

तिथेच तोंड उघडता आलं असतं. अजून वेळ होता, बस सुरू व्हायची होती. पण पोरीने मांडलेलं मोडायचं तर सगळ्यांसमोर दोनदा खोटं ठरायचं, आणि तेवढी हिंमत तिच्यात नव्हती. थोरलीने मघाचा तो कोपरा हातात घेतला होता. गाठ कोणाच्या हातची हे तिला ओळखू न येणं शक्यच नव्हतं. ती नातवाला हात करत राहिली आणि ठकीच्या आईकडे तिने पाहिलंच नाही.

बस निघाली. ठकीला खिडकी मिळाली होती. आईने हात वर केला तेव्हा ठकीने तिला पाहिलं आणि ती हसली. धाकट्या भावंडाला मार वाचवल्यावर थोरलं भावंड हसतं तशी. मग शेजारच्या मुलीने तिला काहीतरी विचारलं आणि ती तिकडे वळली.

अंगण रिकामं होऊ लागलं. पाळकबाई जवळ आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तिला रागावू नका हं,” त्या म्हणाल्या. “मुली घाबरतात आईला सांगायला.”

“नाही,” आई म्हणाली. “नाही रागावणार.”