दूताचं भाषण

“मॅडमजी, आज दूत तुम्ही नाही. आज तुम्ही राणी!” प्राचीनं वर्गाच्या मधोमध खुर्ची ओढली.

मंजुळाताईंनी हातानंच नकार दिला. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाजाच्या नावानं ठणठणाट होता. तरी निवृत्तीआधीच्या या शेवटच्या तासाला नाटकातलं दूताचं भाषण स्वतः म्हणायचंच, असा त्यांचा हट्ट होता. राजेंद्र नगरच्या घरून निघाल्यापासून त्या तोंडातल्या तोंडात तेच घोकत होत्या.

हट्टाला कारणही तसंच होतं. महूला कॉलेजात असताना प्रत्येक नाटकात त्यांच्या वाट्याला दासीच यायची. खालच्या वस्तीतली मुलगी राणी म्हणून कशी शोभेल, असं कोणी तोंडावर म्हणत नसे, एवढीच काय ती मेहेरबानी. मंजुळा विंगेत उभी राहून सगळ्यांचे संवाद पाठ करायची. पुढे तिनं ग्रीसपासून जपानपर्यंतची नाटकं वाचून काढली, दासी, दूत, पहारेकरी अशा बिननावाच्या माणसांवरच पीएचडी केली आणि परदेशातल्या विद्वानांना तिची दखल घ्यायला लावली. बाई मोठी जिद्दीची! वर्गात मात्र राजा-राणी मुलांना देऊन त्या स्वतः दूत वाचत. मुलगा युद्धात पडल्याची बातमी राणीला सांगताना त्या मध्येच श्वास घ्यायला थांबत, तेव्हा मागच्या बाकांवरचे मोबाइलसुद्धा खाली जात.

“मी... दूत,” त्या कशाबशा कुजबुजल्या.

“बिलकुल नाही,” अर्पित म्हणाला. “डॉक्टरनी बोलायला मना केलंय ना? ह्या सीनमध्ये राणीला एक पण डायलॉग नाही, मॅडम. आम्ही चेक केलं. फक्त ऐकायचं. दूत प्राची करून राहिली.”

मंजुळाताईंना आधी रागच आला. आपलं भाषण दुसऱ्याच्या तोंडी! मग पोरांनी केवढा विचार केलाय हे लक्षात आलं आणि त्यांचे डोळे भरले. त्या मुकाट्यानं खुर्चीत बसल्या.

प्राची दारातून आत आली. पहिलं वाक्य तिनं खणखणीत म्हटलं आणि मंजुळाताई जिथं श्वास घेत, नेमकी तिथंच थांबली.

मंजुळाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सगळा वर्ग उठला.

प्राची गडबडली. “मॅडम, तुम्हीच तर शिकवलंय, दूत आला तरी राणी बसूनच राहते.”

मंजुळाताईंनी ‘आज नाही’ अशी मान हलवली, तिला पुढे बोलायची खूण केली, आणि दूताचं बोलणं संपेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.