दोनशे सात रात्री

आईबापाची माया मोजता येत नाही, असं सगळेच म्हणतात. आमचं अमेरिकेचं करखातं मोजतं. वर्षातल्या निम्म्याहून जास्त रात्री मूल ज्याच्या छपराखाली झोपलं, त्याने ते आपल्या करविवरणात अवलंबून म्हणून दाखवावं आणि करात सूट घ्यावी. उरलेल्या मायेचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.

मार्चमधल्या एका शनिवारी लाइल हाव्लिक आणि त्याची पहिली बायको रनाटा, करविवरणं भरून देणाऱ्या ओडेगार्डबाईंच्या टेबलापाशी बसले होते. सीडर रॅपिड्स शहरातल्या त्यांच्या गाळ्यात पूर्वी बुटांचं दुकान होतं, त्यामुळे खुर्च्या बुटक्या होत्या. गेल्या वर्षी दोघांनीही पंधरा वर्षांच्या मुलीला, मॅरनला, आपापल्या विवरणात दाखवलं होतं, आणि दोघांनाही सरकारचं पत्र आलं होतं. यंदा ओडेगार्डबाई ठरवतील ते मान्य, असं ठरलं होतं.

लाइलने टायरवाल्याकडचं कॅलेंडर आणलं होतं. मॅरन आली त्या रात्रीला गोल. त्यातले काही गोल त्याने सकाळीच, बाहेर ट्रकमध्ये बसून काढले होते. पेन निराळं होतं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"तुझ्या किती, लाइल?" बाईंनी विचारलं.

"ब्याऐंशी."

"ब्याऐंशी!" रनाटा हसली. "गाडीत डुलकी काढली तीही धरलीस का रे?"

"तू तुझं बोल."

"शहाण्णव."

बाईंनी बेरीज केली. मग खालून वर पुन्हा केली.

"एकशे अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं हे काम करतेय मी. दोन्ही घरच्या रात्री मिळून नेहमी पाचशेच्या पुढे जातात. कमी पडलेल्या आज बघतेय." त्यांनी चष्मा काढला. "बाकीच्या रात्री पोरगी कुठे होती?"

"त्याच्याकडे," रनाटा म्हणाली.

"तिच्याकडे," लाइल म्हणाला.

घटस्फोटानंतर दोघं एका सुरात बोलले ते एवढंच.

"त्यातल्या अकरा खोट्या आहेत माझ्या," लाइल टेबलाकडे बघत म्हणाला. आता रनाटा टोमणा मारणार म्हणून तो मान खाली घालून थांबला.

"माझ्या नऊ," रनाटा म्हणाली.

बाईंनी वीस वजा केल्या. उरल्या एकशे अठ्ठावन्न; म्हणजे वर्षातल्या दोनशे सात रात्रींचा पत्ताच नव्हता.

लाइलने मुलीला फोन लावला आणि मधे टेबलावर ठेवला. "मॅर, कुठेस तू?"

"जॉयलीनकडे. का?"

"रात्री पण तिथेच असतेस?"

"शाळेची बस तिच्या दारात थांबते, डॅड. आणि तिच्याकडे स्वयंपाक होतो." ती पुढे म्हणाली, "तू म्हणायचास आईकडे असशील, आई म्हणायची डॅडकडे असशील. मी हो म्हणायचे."

जॉयलीन म्हणजे लाइलची दुसरी बायको. चार वर्षांपूर्वी तो पिकअप आणि कुत्रा घेऊन तिच्या घरातून निघून गेला होता.

"लग्न मोडलं तरी सावत्र नातं मोडत नाही," ओडेगार्डबाई म्हणाल्या. "आमच्या करनियमांच्या पुस्तकात छापलंय. पोरीला दाखवायचा हक्क तिचा. तुम्हा दोघांचा नाही."

रनाटाने कोट उचलला. "तू सांग तिला. सोडून तू गेलास, मी नाही."

जॉयलीनकडे जाताना वाटेत लाइल आपल्या खऱ्या रात्री मोजत होता. तो कारखान्यांमधली, पैसे टाकले की खाऊ देणारी मशीनं भरायचा, आणि ते काम रात्रीचं. म्हणजे त्या एकाहत्तरांतल्याही बहुतेक रात्री घरात पोरगी एकटीच होती आणि तो कामावर.

जॉयलीनने दार अर्धंच उघडलं. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरातला निळा झगा अजून तिच्या अंगावर होता. वरच्या मजल्यावरून मॅरनच्या केस वाळवायच्या मशीनचा आवाज येत होता. लाइलने सगळं सांगितलं, रात्रींच्या आकड्यांसकट.

"तूच दाखव तिला. दोन हजार डॉलरच्या आसपास परत मिळतील."

"मी जानेवारीतच भरून टाकलं रे."

"दुरुस्ती करता येते, बाई म्हणाल्या."

"त्यात विचारलं होतं, तुमच्यावर कोण अवलंबून आहे म्हणून. पेन तिथे बराच वेळ धरून बसले होते मी. मग लिहिलं, कोणी नाही."

"का पण?"

"कागदावर नाव गेलं असतं, की तुम्हा दोघांपैकी कोणीतरी येऊन घेऊन गेलं असतं तिला."

मी नेणार नाही, एवढंच लाइलला म्हणायचं होतं. पण नेणार नाही म्हणजे ती नकोच आहे, असं तर वाटणार नाही? आणि वर केसांचं मशीन बंद झालं होतं; आता बोललेलं मॅरनला ऐकू गेलं असतं.

"विचार कर," तो म्हणाला.

"केलाय. जेवून जा म्हणत नाही हं. दोघींपुरतंच केलंय."

एप्रिलच्या पंधरा तारखेला मुदत संपली तेव्हा तिघांचीही विवरणं सरकारकडे जमा होती. मॅरनचं नाव एकातही नव्हतं.