उपग्रह जागेवर पोचला त्या दिवशी

बेसिनच्या कडेवर केसांची एकच पिन… एका बाजूचा काळा रंग उडालेली, पाण्याच्या थेंबात अर्धी बुडालेली. बाकीच्या डबीसकट बॅगेत गेल्या असणार. ताई कालपासून बॅग भरत होती. धाकटी तोंड धुवायचं विसरून पिनेकडे पाहत राहिली.

"चहा निवतोय गं," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली. नेहमीसारखी. आज संध्याकाळी हे घर सोडून चष्मेवाल्यांकडे कायमची राहायला जाणाऱ्या बाईचा आवाज असा नेहमीसारखा कसा असतो?

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची, ताई कॉलेजात. तेव्हापासून ताई कुठे आहे हा प्रश्नच कधी पडला नव्हता — भिंत कुठे आहे, असं कोणी विचारतं का?

कामावर जाताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं आणि उपग्रहाच्या उड्डाणाचा दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी तिला ड्यूटी नव्हती; घरच्यांसाठी राखलेल्या मैदानात ती ताईबरोबर उभी होती. शेजारी ते चष्मेवाले, चष्म्याच्या दुकानाचे मालक, 'सहज आलो' म्हणणारे. आधी नुसता उजेड, मग कितीतरी वेळाने छातीतून घुमत गेलेला आवाज, सगळ्यांच्या माना वर… आणि तिला दिसलं, ताईची पर्स त्यांच्या हातात आहे. ताईनं ती कधी दिली, त्यांनी कधी घेतली — कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं धरावी तशी धरलेली. जिच्या आयुष्याची चार वर्षं त्या उपग्रहात गेली होती, ती धाकटी, तो ढगात शिरला तेव्हा एका पर्सकडे पाहत होती.

दोन दिवसांनी मटार सोलताना ताईनं सांगितलं, आता त्यांच्याकडेच राहायला जाणार म्हणून. "रागावलीस?"

"छे," धाकटी म्हणाली, आणि सोललेले दाणे सालींत टाकत राहिली.

नियंत्रण कक्षात पंख्यांची मंद घरघर. उपग्रह लांबट वाटेनं फिरत होता. दर खेपेला पृथ्वीपासून दूरच्या टोकाला गेला की इंजिन थोडं पेटवायचं, वाट थोडी गोल करायची. आज शेवटची खेप. मग तो रोज आभाळात आठचा आकडा काढत राहणार, आणि खाली कुणाला तरी, रस्ता चुकलेल्याला, तू इथे आहेस म्हणून सांगणार.

"मॅडम, पडद्याकडे बघा," प्रमुख म्हणाले. "माझ्याकडे काय बघताय? मी काही हलत नाही."

सगळे हसले. तीही हसली. पण त्यांच्याकडे ती पाहतच नव्हती. खिडकीबाहेरच्या मोठ्या डिशकडे पाहत होती. उपग्रहाचं अंतर मोजायचं ते तिथून. आणि ती डिश जिच्यावर उभी आहे ती जमीनही वर्षाला दोन-तीन बोटं सरकते… ही दुरुस्ती हिशेबात धाकटी स्वतःच्या हातानं घालत आली होती. इतकी वर्षं. मग भिंत सरकली तर एवढं काय झालं? पण झालं होतं खरं.

दुपार आकड्यांमध्ये विरघळली. संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, "पोचला जागेवर." टाळ्या झाल्या. तेवढ्यात फोन थरथरला, आणि ती जिन्यात आली.

"झालं का गं तुझं?"

"झालं. पोचला. तू?"

"मीही पोचले. मग आता तिथेच राहणार तो?"

"तिथेच म्हणजे… फिरत राहणार."

"फिरू दे की."

पलीकडे कुणीतरी फळीवर भांडी लावत होतं. काहीतरी दणकन पडलं, आणि ताई हसली — धाकटीशी नाही, बाजूला वळून, भरभरून. हे हसू तिनं कधी ऐकलं नव्हतं. की ऐकलं होतं, फार पूर्वी, आई असताना, शेजारच्या खोलीतून, अर्धवट झोपेत…

"उद्या येतेस जेवायला?"

"बघते," ती म्हणाली. मग म्हणाली, "ताई, काय पडलं गं?"

"थांब, सांगते," म्हणून ताई पुन्हा हसायलाच लागली. धाकटी पायरीवर बसली. कानाला फोन तसाच. सकाळपासून जपून आणलेला राग तिनं चाचपला. तो हाताला लागेना. त्याच्या जागी काहीतरी हलकं, थोडं भिववणारं, झोपेत पायरी चुकावी तसं… आणि ते जाऊ नये म्हणून ती अगदी हळू श्वास घेत राहिली.